‘गाडी लागते का?’ : पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या उलट्या आणि हुडहुडी

मंचर, नारायणगाव किंवा जुन्नरच्या एखाद्या दवाखान्यात पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, की आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ पेशंटला तपासायला येतात. बीपी आहे का, साखर किती, दमा आहे का, दात हलतात का, आधी कधी भूल घेतली होती का, असं सगळं विचारून होतं. मग मध्येच प्रश्न येतो : ‘मावशी, तुम्हाला गाडी लागते का?’

मावशी बुचकळ्यात पडतात. खडे पोटात आहेत, मग गाडीचा इथे काय संबंध? पण उत्तर तयार असतं. ‘लागते की. माळशेज उतरायचा म्हटलं तरी पोटात ढवळतं. एसटीत खिडकी धरूनच बसावं लागतं.’ डॉक्टर मान हलवतात, कागदावर खूण करतात आणि दुसऱ्या दिवशी द्यायच्या औषधांत एकाची भर घालतात.

तो प्रश्न गप्पांच्या ओघात विचारलेला नसतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर पेशंटला सगळ्यात जास्त छळतात त्या गोष्टी म्हणजे दुखणं, मळमळ-उलटी आणि हुडहुडी. दुखणार, याची सगळ्यांनी तयारी ठेवलेली असते. उलटी आणि हुडहुडी मात्र नातेवाइकांना घाबरवून सोडतात. ‘भूल जास्त झाली वाटतं’, ‘आत काहीतरी बिघडलंय’, ‘थंडी वाजतेय म्हणजे ताप भरणार’ अशी कुजबुज वॉर्डाबाहेर सुरू होते. खरं तर यातला बराचसा त्रास आधी ओळखता येतो आणि टाळताही येतो. ‘ऑपरेशन म्हटलं की उलट्या व्हायच्याच’ असं समजून सोसत बसायचं कारण नाही.

जखम लहान झाली, मळमळ राहिली

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खाली चिकटलेली, पेरूच्या आकाराची छोटी पिशवी. यकृतात तयार झालेलं पित्त तिथे साठतं, आटतं आणि तेलकट जेवण पोटात गेलं की आतड्यात सोडलं जातं. त्यात खडे झाले तरी अनेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही आणि अशांना सहसा ऑपरेशनही लागत नाही. खडा तोंडाशी अडकून उजव्या बरगडीखाली कळा यायला लागल्या, पित्ताशयाला सूज आली किंवा खडा पित्तनळीत घसरला, तर मात्र पिशवीच काढून टाकावी लागते. नुसते खडे काढून भागत नाही, कारण पिशवी राहिली तर खडे पुन्हा होतात. हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. पुढे उलट्यांचा हिशेब मांडताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

पूर्वी यासाठी उजव्या बरगडीखाली वीतभर चीर घ्यावी लागे. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी 1985 मध्ये पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतात ही शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केली. हे तंत्र मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांपुरतं राहू नये, गावाकडच्या माणसाला ते सगळ्यात जास्त उपयोगी आहे, असा त्यांचा आग्रह होता. ते बरोबरच होतं. ज्याचं पोट रोजच्या कामावर चालतं, त्याला वीतभर जखमेपायी महिनाभर घरी बसणं परवडत नाही. आज तालुक्याच्या गावातही तीन-चार छोट्या छिद्रांतून हे ऑपरेशन होतं आणि पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो.

जखम लहान झाली, पण मळमळ कमी झाली नाही. याचं एक कारण दुर्बिणीच्या तंत्रातच आहे. आतलं नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवावं लागतं. त्यामुळे पोटाच्या आतलं अस्तर ताणलं जातं, आतड्यांवर दाब येतो आणि तिथल्या नसा मेंदूकडे तक्रारी पाठवू लागतात. काही वायू मागे राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, डिवचतो. उजवा खांदा दुखतो तो यामुळेच. खांद्याला काही झालेलं नसतं आणि एक-दोन दिवसांत ते दुखणं आपोआप ओसरतं.

मेंदूतला आळेफाटा

मान जिथे सुरू होते त्याच्या थोडं वर, मेंदूच्या तळाशी लंबमज्जा नावाचा भाग आहे. उलटीचा हुकूम तिथून सुटतो. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ही जागा आळेफाट्यासारखी आहे म्हटलं, की चटकन समजेल. पुण्याकडून, नाशिककडून, कल्याणहून माळशेजमार्गे आणि नगरकडून, अशा चारही रस्त्यांची वाहतूक त्या चौकात येते. उलटीच्या केंद्राकडेही चार वाटांनी खबर येते.

पहिली वाट पोटातून येते. आपल्या शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन हे रसायन मेंदूत नसून आतड्याच्या भिंतीत असतं. आतडं ताणलं, दुखावलं किंवा त्यात काही विषारी गेलं, की तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात. ते शेजारच्या व्हेगस नावाच्या लांब नसेला चेतवतं आणि नस थेट लंबमज्जेला खबर देते. वायूने फुगवलेलं पोट याच वाटेने बोलतं.

दुसरी वाट रक्तातून येते. लंबमज्जेच्या जवळ एक छोटासा ठिपका असा आहे, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा विरळ असतो. रक्तात विष आलंय का, हे तपासायचं काम त्याचं. भुलेचा वायू आणि मॉर्फिन, फेन्टानिल, ट्रॅमाडॉल यांसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं रक्तात आली, की या ठिपक्याला ती विषच वाटतात. विष पोटातून बाहेर फेकायची शरीराची जुनी युक्ती म्हणजे उलटी. औषध शिरेतून दिलंय, उलटी करून ते बाहेर पडणार नाही, हे त्या ठिपक्याला कळत नाही.

तिसरी वाट कानातून येते. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या पाण्याने भरलेल्या नळ्या असतात. घाटात गाडी वळते तेव्हा कान सांगतो ‘आपण फिरतोय’ आणि समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे सांगतात ‘आपण स्थिर आहोत’. मेंदूला मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. काहींची ही वाट जन्मतःच जास्त हळवी असते. अफूवर्गीय औषधं तिला आणखी हळवी करतात. म्हणूनच ऑपरेशननंतर नुसतं टेबलावरून ट्रॉलीवर सरकवलं, ट्रॉली भरभर वळवली किंवा झटकन उठवून बसवलं, की पेशंटला ढवळून येतं. ज्याला गाडी लागते त्याला भूलही लागण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टरांच्या प्रश्नामागे हे एवढं कारण आहे.

चौथी वाट वरून, म्हणजे विचार करणाऱ्या मेंदूतून येते. भीती, वेदना, दवाखान्याचा वास, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची उलटी, मागच्या ऑपरेशनची आठवण, हे सगळं इथून उतरतं.

चौकात कोंडी झाली असताना एकच रस्ता अडवला, तर बाकीच्या तीन रस्त्यांनी गाड्या येतच राहतात. उलटी थांबवणाऱ्या औषधांचंही तसंच आहे. ओन्डान्सेट्रॉन हे दवाखान्यातलं सगळ्यात ओळखीचं इंजेक्शन मुख्यतः पहिली वाट, म्हणजे सेरोटोनिनची, अडवतं. दुसऱ्या वाटेवर डोपामिन नावाचं रसायन काम करतं आणि त्याला रोखणारी औषधं वेगळी आहेत. कानाच्या वाटेवरची औषधं आणखी वेगळी.

कुणाला होणार, हे आधी कळतं

उलट्या कुणाला होतील याचा अंदाज बांधायची एक सोपी रीत क्रिस्टियान आप्फेल या जर्मन भूलतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर 1999 मध्ये मांडली. त्यात रक्त तपासायचं नाही, यंत्र लावायचं नाही. फक्त चार गोष्टी पाहायच्या : पेशंट स्त्री आहे का, तिला गाडी लागते किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का, ती सिगारेट-बिडी ओढत नाही का आणि ऑपरेशननंतर तिला अफूवर्गीय वेदनाशामक द्यावं लागणार आहे का. प्रत्येक ‘हो’ला एक गुण.

एकही गुण नसेल तर प्रतिबंधक औषधाविना उलटी-मळमळीची शक्यता साधारण 10 टक्के. एक असेल तर 20, दोनला 40, तीनला 60 आणि चारही असतील तर 80 टक्क्यांच्या आसपास.

आता आपल्या भागातली पित्ताशयाची नेहमीची पेशंट डोळ्यांसमोर आणा. चाळिशीतली बाई, बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेली. इथेच दोन गुण झाले. ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन लागलं, तीन झाले. ती आहुपे किंवा घाटघरकडची असेल, वळणावळणाच्या रस्त्याने जीपमधून येताना तिला मळमळत असेल, तर चार. म्हणजे जी बाई ‘मला काही त्रास नाही, मी धडधाकट आहे’ म्हणून खाटेवर चढते, तिला उलट्या होण्याची शक्यता न होण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. माझं स्पष्ट मत असं आहे, की या शस्त्रक्रियेत उलटीचं औषध ‘त्रास झाला तर बघू’ म्हणून राखून ठेवणं चुकीचं आहे. ते आधीच द्यायला हवं.

बिडी ओढणाऱ्याला उलट्या कमी होतात हे वाचून कुणी बिडीचं समर्थन करू नये. त्याच माणसाला भुलेनंतर खोकला, कफ आणि छातीत जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो आणि ते उलटीपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

एका इंजेक्शनने का भागत नाही

2004 मध्ये पाच हजारांहून जास्त पेशंटवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळे उपाय एकेकटे आणि एकत्र करून पाहिले होते. ओन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिन्ही औषधांनी धोका जवळजवळ सारखाच, म्हणजे प्रत्येकी साधारण एक चतुर्थांशाने, कमी केला. भुलेचा वायू न वापरता प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध शिरेतून सतत देऊन भूल चालू ठेवली, तर धोका आणखी सुमारे एक पंचमांशाने घटला.

हिशेब करून पाहू. आपल्या तीन गुणांच्या पेशंटचा धोका 60 टक्के. एक औषध दिलं की तो 44 वर येतो. वेगळ्या वाटेवरचं दुसरं दिलं की 33. तिसरं दिलं की 24. वर प्रोपोफॉलची भूल असेल तर 20 च्या आसपास. पहिल्या औषधाने 16 टक्क्यांचा फायदा झाला, दुसऱ्याने 11 आणि तिसऱ्याने 9. प्रत्येक वेळी लाभ थोडा कमी होत जातो, पण शंभरांतल्या साठ जणींऐवजी वीस जणींनाच त्रास होणं ही मोठी गोष्ट आहे. उलट ज्याचा धोका मुळात 10 टक्के आहे, अशा बिडी ओढणाऱ्या तरुणाला पहिल्या औषधाने जेमतेम अडीच टक्क्यांचा लाभ. त्याला तीन-तीन इंजेक्शनं टोचण्यात अर्थ नाही. म्हणून 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की एक-दोन गुण असतील तर दोन उपाय करा आणि दोनपेक्षा जास्त असतील तर तीन-चार.

औषधाची वेळही पाहावी लागते. डेक्सामेथासोनला काम सुरू करायला वेळ लागतो, म्हणून ते भूल दिल्यावर लगेच, ऑपरेशनच्या सुरुवातीला देतात. जाग्या माणसाला ते भरकन दिलं तर जांघेत विचित्र जळजळ होते. भूल चढल्यावर द्यायचं ते त्यासाठीही. त्याने काही तास साखर वाढते, तेव्हा मधुमेह असेल तर तसं सांगितलंच पाहिजे. ओन्डान्सेट्रॉनचा परिणाम लवकर येतो आणि काही तासांत उतरतो, म्हणून ते ऑपरेशन संपत आलं की देतात. कधी कधी त्याने डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार असेल तर ते जपून वापरावं लागतं.

दोन वेगवेगळी औषधं वेगळ्या वाटा अडवतात, म्हणून ती एकत्र द्यायची. ओन्डान्सेट्रॉन देऊनही उलटी झाली आणि तासाभरात पुन्हा ओन्डान्सेट्रॉनच दिलं, तर फारसा उपयोग होत नाही. त्या वेळी दुसऱ्या जातीचं औषध लागतं.

औषधांपलीकडचे काही साधे उपायही आहेत. टाक्यांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि पॅरासिटॅमॉलसारखी साधी वेदनाशामकं वेळेवर दिली, तर अफूवर्गीय औषध कमी लागतं आणि कधी कधी त्याचा गुणच हिशेबातून गळून पडतो. शरीरात पाणी पुरेसं असेल तर मळमळ कमी होते. आपल्याकडे ‘रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको’ ही जुनी सवय अजून पक्की आहे. आजचा नियम असा, की जेवण सहा ते आठ तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो जेवणातच धरतात. खड्यांमुळे आधीच उलट्या होत असतील किंवा मधुमेह जुना असेल तर नियम बदलतो. म्हणून आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, ‘पाणी किती वाजेपर्यंत पिऊ?’

मनगटाच्या आतल्या बाजूला, तळव्याच्या घडीपासून पेशंटच्याच तीन बोटं वर, दोन ताठ शिरांच्या मध्ये एक जागा आहे. चिनी उपचारांत तिला महत्त्व आहे. तिथे दाब दिल्याने भुलेनंतरची मळमळ कमी होते, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. जवळ बसलेल्या मुलीला किंवा सुनेला हे सहज करता येतं. इंजेक्शनआधी दंडाला पुसतात तो स्पिरिटचा बोळा नाकाजवळ धरून संथ श्वास घेतल्यानेही काहींना थोड्या वेळासाठी आराम पडतो.

उन्हाळ्यातही हुडहुडी का भरते

आता दुसरा त्रास. एप्रिलमध्ये बाहेर रस्ता तापलेला असतो आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आणलेला माणूस दातावर दात आपटत असतो. खाट हलते. बीपीचा पट्टा आकडा दाखवत नाही, बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र भलतंच काहीतरी सांगायला लागतं.

आपल्या शरीराच्या आतलं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. हात-पाय मात्र त्याहून दोन ते चार अंश थंड असतात. हा फरक टिकतो तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात म्हणून. मेंदूतलं तापमानाचं केंद्र त्यांच्यावर लक्ष ठेवून असतं. आतलं तापमान अर्ध्या अंशाने घसरलं तरी ते रक्तवाहिन्या आणखी आवळतं आणि साधारण दीड अंश घसरलं की स्नायूंना कापायला लावतं, कारण कापण्यातून उष्णता तयार होते.

भूल चढली की दोन गोष्टी होतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पोट-छातीतलं ऊन रक्त थंड हाता-पायांकडे धावतं. त्यामुळे पहिल्या तासाभरातच आतलं तापमान एक ते दीड अंश उतरतं. शरीरातली उष्णता बाहेर फार गेलेली नसते. ती फक्त आतून बाहेरच्या बाजूला पसरलेली असते. त्याच वेळी तापमानाचं केंद्रही गुंगीत असतं, म्हणून एरवी ज्या थंडीला ते लगेच जागं झालं असतं तिच्याकडे त्याचं लक्ष नसतं. पेशंट कापत नाही आणि थंड होत राहतो. वर थिएटरमधला एसी, उघडं पोट, त्यावर फिरवलेलं स्पिरिट, थंड सलाईन आणि पोटात भरलेला कोरडा वायू.

भूल उतरते तेव्हा केंद्र शुद्धीवर येतं आणि त्याला कळतं, की शरीर 35 अंशांवर आलंय. ते पूर्ण जोराने हुडहुडी सुरू करतं. जंतूंमुळे थंडी वाजून येणारा ताप वेगळा, ही हुडहुडी वेगळी. तापात केंद्र मुद्दाम तापमान वाढवायला निघालेलं असतं. इथे ते हरवलेली ऊब परत मिळवत असतं. तरुण माणसं जास्त कापतात. म्हातारी माणसं कमी कापतात, पण जास्त थंड पडतात आणि ते जास्त काळजीचं असतं.

सिझेरियन किंवा हर्नियासाठी कमरेतून भूल देतात तेव्हाही हुडहुडी भरते. तिथे कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. पेशंट जागा असतो, पायाला गारवा कळत नाही, पण वरचं अंग थडथडतं.

हुडहुडीत शरीराची ऑक्सिजनची गरज दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त वाढते. धडधाकट माणसाला ते निभतं. हृदय कमजोर असलेल्याला ते जड जाऊ शकतं. शिवाय कापताना पोटाचे स्नायू आवळले जातात आणि टाके दुखतात. थंड शरीरात जखमही नीट भरत नाही. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनवर व्हिएन्नात झालेला 1996 चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात सुमारे दोन अंशांनी थंड पडलेल्या पेशंटपैकी 19 टक्क्यांच्या जखमेत पू झाला आणि उबदार ठेवलेल्यांपैकी 6 टक्क्यांच्या.

उपायाची किल्ली आधी सांगितलेल्या हाता-पायांत आहे. भूल देण्यापूर्वीच हात-पाय ऊन केले, तर आतल्या रक्ताला धावायला थंड जागाच उरत नाही. मोठ्या दवाखान्यांत यासाठी गरम हवा सोडणारं कागदी पांघरूण असतं. भुलेआधी दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ते घातलं तरी चांगला फरक पडतो. ते नसेल तिथेही बरंच करता येतं. साध्या चादरीचा एक थर अंगावर घातला तरी उष्णता जाणं सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतं. पाय, खांदे आणि डोकं झाकायला ऑपरेशन आड येत नाही. पेशंट उघडा असेपर्यंत थिएटर 21 अंशांखाली न्यायचं नाही आणि एसी वाढवायचा तो पांघरूण घातल्यावर. खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन शरीराला सुमारे पाव अंशाने थंड करतं, म्हणून लांबलेल्या ऑपरेशनला ते कोमट करून द्यायचं, तेही त्यासाठीच्या यंत्रातून.

इथे नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. पेशंट कापतोय म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली त्याच्या पायाला लावू नका. कमरेतली भूल उतरलेली नसेल तर पायाला चटका कळत नाही आणि सकाळी मोठाले फोड आलेले दिसतात. गुंगीतल्या पेशंटचंही तेच. घरून आणलेली स्वच्छ गोधडी किंवा घोंगडी अंगावर घाला, पायात मोजे चढवा, डोक्याला रुमाल बांधा आणि सिस्टरांना बोलवा.

एकाचा इलाज, दुसऱ्याचा त्रास

हुडहुडी थांबवणारी औषधं आहेत आणि ती झटपट काम करतात. अडचण अशी, की त्यातली सगळ्यात ओळखीची दोन, पेथिडीन आणि ट्रॅमाडॉल, अफूवर्गीय आहेत. ती कापरं थांबवतात आणि मळमळ सुरू करतात. पेथिडीनला परवाना लागतो, त्यामुळे लहान दवाखान्यांत ट्रॅमाडॉलच जास्त दिसतं. गुंता एवढ्यावर संपत नाही. ट्रॅमाडॉलचा वेदना शमवण्याचा काही भाग सेरोटोनिनवर चालतो आणि ओन्डान्सेट्रॉन सेरोटोनिनचीच वाट अडवतं. त्यामुळे दोन्ही दिली तर ट्रॅमाडॉल थोडं कमी पडतं. म्हणूनच ‘कापतोय, द्या इंजेक्शन, उलटी झाली, द्या दुसरं’ असं मागाहून धावत राहण्यापेक्षा आधीपासून आखणी केलेली बरी.

दोन्ही त्रासांवर उपयोगी पडणारे काही उपायही आहेत. डेक्सामेथासोन आणि ओन्डान्सेट्रॉन दोन्ही मुख्यतः उलटीसाठी असली तरी हुडहुडीही काही प्रमाणात कमी करतात. डेक्समेडेटोमिडीन नावाचं औषध दोन्हींवर चालतं आणि वेदनाशामकही कमी लागतं, पण त्याने नाडी मंदावते, बीपी उतरतं आणि जाग यायला उशीर होतो. ज्या दवाखान्यात पेशंटवर पुढचे काही तास बारीक नजर ठेवायला माणूस आहे तिथेच ते वापरावं. आणि ऊब तर कुठल्याही औषधाशी भांडत नाही, तिने मळमळही होत नाही. स्वस्त आणि निर्धोक असूनही ती सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते, याचं मला वाईट वाटतं.

चौकट : भूलतज्ज्ञांना न विचारताही सांगा

• घाटात, बसमध्ये किंवा पाळण्यात मळमळतं का.
• आधीच्या ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणात भुलेने उलट्या किंवा हुडहुडी झाली होती का. जुना डिस्चार्ज कागद असेल तर सोबत आणा.
• मधुमेह, हृदयाचा आजार, फिट, थायरॉइड आणि चालू असलेली सगळी औषधं. झाडपाल्याची औषधंसुद्धा.
• बिडी, सिगारेट, मिश्री, तंबाखू, दारू. लाजू नका, यावर औषधाचं प्रमाण ठरतं.
• शेवटचं काय खाल्लं-प्यायलं आणि किती वाजता. ‘थोडासाच चहा’ असला तरी सांगा.
• थंडी सोसत नसेल तर तेही. थिएटरबाहेर थांबताना अंगावर पांघरूण मागून घ्या.

घरी जाताना

उलटीचा धोका पहिल्या 24 तासांत जास्त असतो. काहींना दवाखान्यात काहीच होत नाही आणि घरी जाताना गाडीत सुरू होतं. घोडेगावच्या पुढे डिंभ्याकडे किंवा जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात जायचं असेल, तर हे गृहीत धरूनच निघायला हवं. ज्यांना गाडी लागते त्यांनी शक्यतो संध्याकाळच्या गाडीची घाई करू नये. एक रात्र दवाखान्यात किंवा जवळच्या नातेवाइकाकडे काढावी. निघताना डॉक्टरांना विचारून तोंडात विरघळणारी उलटीची गोळी सोबत घ्यावी. ती पाण्याशिवाय घेता येते. पुढच्या सीटवर बसावं, नजर लांब रस्त्यावर ठेवावी आणि वळणावर गाडी सावकाश घ्यायला सांगावी. सुरुवातीला घोट-घोट पाणी, मग पेज, मऊ भात, असं वाढवत जावं. ‘ताकद यावी’ म्हणून पहिल्याच दिवशी तुपातला शिरा किंवा मटणाचा रस्सा देऊ नये.

इतका वेळ सांगितली ती साधी उलटी आणि साधी हुडहुडी. ती काही तासांची असते आणि दर तासाला कमी होत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्याने थंडी वाजून ताप आला, पोट फुगून दुखायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा त्यात हिरवं पाणी येऊ लागलं, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर त्याचा भुलेशी संबंध नाही. पित्त आत गळत असेल, जंतुसंसर्ग झाला असेल किंवा पित्तनळीत खडा राहिला असेल. अशा वेळी उलटीची गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट पाहू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडी मिळत नसेल तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका मागवा.